एर्लिंडाची मागची सीट

एर्लिंडा बाकाने मोटारसायकल घेतली ती तात्पुरती. तिची जुनी मोटार खिंडीच्या चढावर धूर सोडून कायमची बसली, आणि नेमका तेव्हाच तिचा मावसभाऊ बेलार्मिनो नोकरीसाठी डेन्व्हरला निघाला. त्याची मोटारसायकल कोंबड्यांच्या खुराड्याला टेकून उभी होती. "घेऊन जा. दुसरी गाडी मिळेपर्यंत चालव," तो म्हणाला. एर्लिंडा तेव्हा सव्वीस वर्षांची होती. "दुसरी गाडी मिळेपर्यंत" असं ती पुढे कितीतरी वर्षं सांगत राहिली. आधी खरंच वाटायचं म्हणून, मग सवयीने, आणि नंतर नंतर नुसतं लोकांना हसवायला.

न्यू मेक्सिकोच्या उत्तरेला, डोंगरांच्या बेचक्यात आमचं अग्वा मान्सा आहे. घरं विखुरलेली, एका घरातून हाक मारली तर दुसऱ्या घरात पोचणार नाही अशी. दुकान, दवाखाना, शाळा सगळं खाली मोठ्या गावात. इथे ज्याच्या दारात ट्रक नाही त्याच्याकडे लोक पाय मोडलेल्या माणसाकडे बघावं तसं बघतात. आणि ही बाई दोन चाकांवर फिरणार! तिची आई तर डोक्याला हात लावून बसली.

"अगं, अशाने तुला करून कोण घेईल?"

"करून घ्यायला येईल तो स्वतःच्या गाडीने येईल ना, आई!"

लसूणघासाच्या शेतात ती शिकली. पडली, उठली, पुन्हा पडली. घास मऊ होता म्हणून हाडं शाबूत राहिली. महिनाभरात ती खिंड चढून उतरू लागली, आणि वर्षभरात मोटारसायकलवर काय काय बांधता येतं याचा तिला चांगलाच अंदाज आला. शरद ऋतूत भाजलेल्या हिरव्या मिरच्यांचं पोतं मागच्या सीटवर आवळून ती घरी यायची, तेव्हा तिच्या पाठोपाठ सगळा रस्ता मिरचीच्या वासाने भरून जायचा आणि कुंपणापलीकडचे कुत्रे शिंकायचे. नाताळात टर्की आणली तेव्हा तिचे पाय पिशवीतून बाहेर आभाळाकडे रोखलेले होते. एकदा तिने शेजारणीसाठी जिवंत कोंबडी आणली. ती वाटेत चामड्याच्या पिशवीतून डोकं बाहेर काढून इतक्या निवांतपणे देखावा बघत होती, की समोरून येणाऱ्या पाद्रीबाबांनी गाडी थांबवून म्हणे कोंबडीलाच नमस्कार केला.

एर्लिंडाचा धंदा केस कापायचा. आधी ती मोठ्या गावात एका बाईच्या दुकानात काम करायची. तिथे येणारी तेओफिला नावाची म्हातारी कमरेच्या दुखण्याने अंथरुणाला खिळली, तेव्हा एर्लिंडा कात्री-कंगवा घेऊन तिच्या घरी गेली. उशीखाली टॉवेल घालून, मान हातावर तोलून तिने तिचे केस धुतले आणि कापले. म्हातारी आरशात बघून रडायला लागली. "मला वाटलं होतं, आता मी अशीच जाणार, घरट्यासारखं डोकं घेऊन," ती म्हणाली. तेओफिलाने शेजारणीला सांगितलं, शेजारणीने भावाला. बघता बघता एर्लिंडाचं दुकान सुटलं आणि सगळं खोरंच तिचं दुकान झालं. घराबाहेर पडू न शकणारी माणसं तिची वाट बघायची. काहींचे शेवटचे केसही तिनेच कापले, आणि एकदोघांचे तर शेवटचा श्वास गेल्यानंतर, घरच्यांनी बोलावलं म्हणून.

गंमत अशी की दुसऱ्यांची डोकी सजवणाऱ्या या बाईचं स्वतःचं डोकं कायम हेल्मेटखाली चेपलेलं असायचं. दारात उभी राहून ती हेल्मेट काढायची, तेव्हा केस असे चप्प बसलेले असायचे की म्हातारे म्हणायचे, "बाई, आधी कुणीतरी तुझे कापायला पाहिजेत!"

खालच्या गिरणीपाशी रस्त्याला एक वळण आहे. पाऊस झाला की ओहोळातून बारीक खडी वाहून येते आणि तिथे डांबरावर पसरते. मोटारीला त्याचं काही वाटत नाही. दोन चाकांना मात्र ती खडी म्हणजे सांडलेले मणीच. त्या वळणावर एर्लिंडा एकदा आडवी झाली. कोपर सोललं, पिशवीतल्या कात्र्या रस्त्यावर विखुरल्या. ती उठून बसते न बसते तोच मागून काउंटीचं रस्ता सपाट करायचं पिवळं यंत्र घरघरत आलं आणि त्यातून एक आडव्या बांध्याचा, कानांपर्यंत टोपी ओढलेला माणूस धावत उतरला.

हा सिप्रियानो ट्रुहियो. रस्तेखात्यात यंत्र चालवायचा, उन्हाळ्यात खडीचे रस्ते सपाट करायचा आणि हिवाळ्यात बर्फ ढकलायचा. चाळिशी गाठत आलेली, लग्न झालेलं नाही. गावात तो फारसं बोलत नाही अशीच त्याची ख्याती. पण त्या दिवशी मात्र त्याला कंठ फुटला.

"बाई, तुम्हाला लागलंय? हात हलवून दाखवा. दुसरा. मान दुखतेय का? ही काय गाडी आहे का हो? ना छप्पर, ना दार! माणसाने काहीतरी कवच घालून फिरावं. कासवाला कळतं ते तुम्हाला कळत नाही?"

"कासव वेळेवर पोचत नाही," एर्लिंडा म्हणाली आणि कात्र्या गोळा करू लागली.

तोही वाकून कात्र्या गोळा करू लागला. प्रत्येक कात्री पँटला पुसून तो तिच्या हातात देत होता.

त्यानंतर एक नवल झालं. पाऊस कितीही झाला, ओहोळ कितीही भरून वाहिला, तरी गिरणीच्या वळणावर खडी दिसेनाशी झाली. बाकीच्या रस्त्यावर असायची. त्या वळणावर मात्र अंगण झाडून काढावं तसा रस्ता स्वच्छ. एर्लिंडाला वाटलं, रस्तेखातं सुधारलं. मग एका सकाळी ती नेहमीपेक्षा लवकर निघाली, आणि वळणावर तिला सिप्रियानो दिसला. हातात खराटा, यंत्र कडेला उभं. तिला बघून त्याने खराटा पाठीमागे लपवला. एवढा मोठा खराटा लपतो कुठला?

"खात्याने दिलाय," तो म्हणाला.

"खराटा?"

"हो."

"आणि बाकीच्या वळणांना काय दिलंय?"

तो लाल झाला. एर्लिंडाने हेल्मेट काढलं, चपटे केस बोटांनी उगाचच सारखे केले आणि म्हणाली, "टोपी काढा."

"का?"

"गेल्या वेळेपासून बघतेय, तुमच्या कानांवर जंगल माजलंय. काढा टोपी."

आणि तिथेच, पिवळ्या यंत्राच्या पायरीवर बसवून, तिने त्याचे केस कापले. दोनतीन ट्रक बाजूने गेले. प्रत्येकाने हॉर्न वाजवला. संध्याकाळपर्यंत सगळ्या खोऱ्याला बातमी कळली. त्या हिवाळ्यात तर लोकांना आणखी एक विषय मिळाला. बर्फ पडला की सगळ्यात आधी एर्लिंडाच्या घराचा रस्ता मोकळा व्हायचा, मग शाळेचा. "यंत्र सरकारी आणि प्रेम खासगी," असं दुकानात बसून लोक म्हणायचे, आणि सिप्रियानो आत आला की छताकडे बघायचे.

लग्नाचं ठरलं तेव्हा दोघांनी एकमेकांजवळ एकेक गोष्ट मागून घेतली. सिप्रियानोने सांगितलं, "मी कधी मोटारसायकलवर बसणार नाही. मला सांगू नकोस." रस्त्याच्या कडेला जे छोटे क्रूस असतात ना, अपघातात गेलेल्यांचे, ते बर्फ ढकलताना कधीकधी उपटून यायचे. वसंतात तो ते पुन्हा नीट रोवायचा. कुठला क्रूस कुणाचा हे त्याला माहीत होतं, कारण अपघातानंतर त्यांतल्या बऱ्याच जागा त्याने स्वतः धुतल्या होत्या. एर्लिंडाने हे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नाही सांगणार. आणि तू मला ती विकायला सांगू नकोस."

दोघांनी शब्द पाळला. पण न सांगता काय करायचं ते सिप्रियानोने शोधून काढलं होतं. आभाळ भरून आलं, वारा सुटला की सुट्टीच्या दिवशी तो आपला ट्रक काढायचा आणि तिच्या मागोमाग जायचा. दिवे लावून, अंतर राखून. ती एखाद्याच्या घरी केस कापायला आत गेली की तो बाहेर ट्रकमध्ये बसून सूर्यफुलाच्या बिया खायचा. ती निघाली की पुन्हा मागे. तिला आधी राग यायचा. "मी काय गाय आहे, हाकायला?" ती म्हणायची. मग एकदा खिंडीत धुकं दाटलं, पुढचं दिसेना, आणि मागून त्याच्या दिव्यांचा पिवळा उजेड तिच्या खांद्यांवरून पुढे सांडत राहिला. त्या दिवसानंतर तिची तक्रार थांबली.

मूल झालं नाही. त्याचं दुःख दोघांनी फार बोलून दाखवलं नाही. घरात कुत्रे आले, शेजारची पोरं आली-गेली. बेलार्मिनोची मोटारसायकल थकली, तिच्या जागी दुसरी आली, मग तिसरी, निळी, रुंद सीटची. वर्षं अशी गेली.

सिप्रियानो साठीला आला तेव्हा यंत्राने एका घरापुढची टपालपेटी चिरडली. लोक हसले. मग एक कुंपण पाडलं. लोक थोडे कमी हसले. मग एका दुपारी तो काम अर्धवट टाकून लवकर घरी आला, टेबलापाशी बसला आणि समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाला, "एर्लिंडा, मधले काटे कुठे गेले?"

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, नजरेच्या मधोमध डाग पडलाय, तो वाढत जाणार. कडेचं दिसेल, मधलं नाही. डोळ्यात सुया घेतल्या तर वाढ थोडी रोखता येईल, गेलेलं परत येणार नाही. सिप्रियानोने दुसऱ्याच दिवशी यंत्राची किल्ली साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि गाडी चालवायचा परवाना स्वतःहून परत केला. घरी येऊन कुत्र्याला जेवू घातलं. आणि मग जो गप्प झाला तो झालाच.

आता ट्रक एर्लिंडा चालवू लागली. तिला चालवता येत होतं. जन्मभर त्या खोऱ्यात राहून कुणाला येत नाही? पण ट्रकच्या उजव्या बाजूला बसलेला सिप्रियानो म्हणजे कोंडून ठेवलेला बैलच. काच समोर होती, पण तिच्यातून त्याला फक्त कडा दिसायच्या, मध्ये राखाडी खड्डा. तो पाय आपटून ब्रेक शोधायचा.

"हळू! पुढे काहीतरी आहे!"

"काही नाही, सिप्रियानो."

"गियर बदल. ऐकू येत नाही, इंजिन ओरडतंय?"

"बदलतेच आहे."

"मी बदलला असता केव्हाच."

घरी पोचेपर्यंत दोघांच्याही माना आखडलेल्या असायच्या. हळूहळू तो बाहेर यायचंच टाळू लागला. प्रार्थनेला नको, दुकानात नको, बहिणीकडे नको. खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायचा. एर्लिंडाचा चेहरा बघायचा असेल तर त्याला तिच्या कानापलीकडे बघावं लागायचं, म्हणजे कडेने ती थोडीफार दिसायची. ते त्याला आवडत नसे. "तुझ्याशी बोलताना मी चोरासारखा दुसरीकडे बघतो," तो एकदा म्हणाला. एवढंच.

सिप्रियानोची थोरली बहीण ओफेलिया, तोंडाने फटकळ, मनाने लोण्याची. ती दर रविवारी भांडंभर पोसोले घेऊन यायची. मक्याच्या त्या गरम रश्शाबरोबर ती सल्लाही वाढायची.

"वहिनी, ते दोनचाकी भूत वीक आता. साठी आली तुझी. तू पडलीस तर याला घास कोण भरवणार? आणि हा खुर्चीत बसून बसून खुर्ची होत चाललाय, ते वेगळंच."

एर्लिंडाने बरेच दिवस ऐकून सोडून दिलं. पण एका सकाळी ती कामाला निघताना मोटारसायकलपाशी उभी राहिली, खिडकीकडे बघितलं, खिडकीत तो. आणि तिला वाटलं, मी रोज याच्या डोळ्यांदेखत निघून जाते, आणि तो तिथेच राहतो. ओफेलियाचं म्हणणं खरं असेल. तिने दुकानाच्या फळ्यावर चिठ्ठी लावली.

रविवारी एक तरुण आला. सांता फेचा होता, बोलायला चांगला. निळ्या गाडीभोवती दोनदा फिरला, टायर दाबून बघितले. "चालू करून बघू का, मावशी?"

"बघ ना."

त्याने गाडी चालू केली आणि मूठ पिळून पिळून तिला नुसती ओरडायला लावली. कोंबड्या सैरावैरा पळाल्या. तेवढ्यात घराचं दार उघडलं. दाराच्या चौकटीला धरून सिप्रियानो उभा होता, पायात मोजे, बूट नाहीत.

"कोण आहे तो? अशी काय रडवतोय तिला?"

"गाडी बघायला आलाय," एर्लिंडा म्हणाली.

"कशाला बघायला?"

तरुणाने गाडी बंद केली. आता अंगणात फक्त कोंबड्यांचा आवाज.

"विकतेस?"

"हो."

"मी सांगितलं तुला विकायला? कधी तरी सांगितलं?"

"नाही."

सिप्रियानो चाचपडत पायऱ्या उतरला, मोज्यांनीच अंगण ओलांडून आला. बोलायला लागला तेव्हा त्याचा आवाज अगदी खाली गेला होता. "गिरणीच्या वळणावर तू गियर खाली घेतेस, तेव्हा तो आवाज इथपर्यंत येतो. तो ऐकला की मी कॉफी चुलीवर ठेवतो. इतकी वर्षं. आता मला दुसरं काही दिसत नाही, एर्लिंडा. तेवढं तरी ऐकू येऊ दे."

तो तरुण भला होता. त्याने हेल्मेट काखेत मारलं, "मावशी, मी दुसरीकडे बघतो," असं म्हणाला आणि फाटक हळूच लावून गेला.

एर्लिंडा बाहीने डोळे पुसत होती. सिप्रियानोने हात पुढे करून मोटारसायकलची सीट शोधली. पुढची शोधली, मग मागची. तिच्यावर तळवा ठेवून त्याने तिची रुंदी चाचपली.

"किती उंच आहे?" त्याने विचारलं.

"काय?"

"बसायला. किती उंच पाय टाकावा लागतो?"

एर्लिंडाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती म्हणाली, "बूट घालून ये आधी."

पहिली खेप म्हणजे सगळा तमाशाच. ओफेलिया नेमकी पोसोलेचं भांडं घेऊन फाटकातून आत येत होती. भावाला डोक्यावर हेल्मेट घालून, जाड कोट चढवून मोटारसायकलवर पाय टाकताना बघून तिच्या हातून झाकण पडलं.

"अरे ए! वेड लागलंय का दोघांना? एकाला दिसत नाही आणि दुसरीला कळत नाही!"

"ताई, आत जाऊन भांडं ठेव. गार होईल," हेल्मेटमधून सिप्रियानो म्हणाला. त्याचा आवाज पेटीतून यावा तसा आला.

त्याने एर्लिंडाच्या कमरेला अशी मिठी मारली की तिला श्वास घेता येईना. गाडी माणसाच्या चालीने फाटकाबाहेर पडली. पहिल्या वळणावर गाडी डावीकडे कलली आणि सिप्रियानो घाबरून उजवीकडे झुकला. गाडी डगमगली. एर्लिंडाने पाय टेकून थांबवली.

"तू उलटा का झुकतोस?"

"पडतोय असं वाटलं!"

"पडत नाही, वळतोय. तू काही करू नकोस. मिरचीचं पोतं हो. इतकी पोती मी इथून नेली, एकाही पोत्याने वळणावर माझ्याशी वाद घातला नाही."

"पोतं," सिप्रियानो म्हणाला.

"हो. भरलेलं. गच्च बांधलेलं."

ती पुन्हा निघाली. पुढच्या वळणावर तो पोतं झाला. पूर्ण नाही, अर्धं पोतं. पण गाडी गुमान वळली. मग पाटावरचा पूल आला आणि पाण्याचा गारवा खालून अंगावर चढला. एर्लिंडाला जाणवलं, कमरेवरचे हात सैल झालेत. तिने आरशात बघितलं. त्याने हेल्मेटची काच वर केली होती, तोंड एका बाजूला वळवलं होतं आणि तो वास घेत होता. सफरचंदांच्या बागेपाशी त्याने तिच्या खांद्यावर थाप मारली. गुरं अडवायच्या लोखंडी नळ्यांवरून गाडी खडखडत गेली, तेव्हा पुन्हा थाप. मोरी ओलांडताना छोटासा हिसका बसतो, तिथे हिसका बसायच्या आधीच थाप. हा सगळा रस्ता त्याने आयुष्यभर सपाट केला होता. ट्रकच्या काचेमागे बसल्यावर तो रस्ता त्याच्यापासून हरवला होता, आणि आता तो चाकांतून वर येऊन त्याच्या अंगाला लागत होता. तो बोलायलाही लागला. एर्लिंडाच्या पाठीवर शब्द धडकत होते, पण वाऱ्यात एकही नीट ऐकू येत नव्हता. तो बोलतच राहिला, गिरणीपर्यंत, आणि तिथून वळून परत घरापर्यंत. घरात महिनाभरात बोलला नसेल इतकं.

अंगणात उतरल्यावर तिने विचारलं, "काय सांगत होतास एवढं?"

"तुला ऐकू आलं नाही?"

"वाऱ्यात कुठलं ऐकू येतंय!"

सिप्रियानोने हेल्मेट काढलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याचे केस तिच्यासारखे चप्प बसले होते, आणि गाल ओले होते. "मग बरंच झालं," तो म्हणाला.

हे होऊन आता बरीच वर्षं झाली. सिप्रियानोला कडेची नजर अजून थोडी आहे, बाकी धुकं. ट्रक ओफेलियाकडे दिला. बर्फ पडला की तीच तो घेऊन येते, आणि वाटेत दोघांनाही शिव्या घालत मोठ्या गावाला नेते. एरवी मात्र सगळं मोटारसायकलवर. रविवारी प्रार्थनेला, शनिवारी बाजाराला. किराणा दोन पिशव्यांत मावेल एवढाच. जास्त झालं तर सिप्रियानो मांडीवर कलिंगड घेऊन बसतो, आणि मग एर्लिंडाच्या पाठीला सगळी वाट कलिंगडाचा गारवा. डोळ्यांत सुई घ्यायला जातात तेव्हा दवाखान्यातली नर्स दरवेळी खिडकीतून बघते. पहिल्यांदा तिने विचारलं होतं, "आजोबा, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते ना," तो म्हणाला होता. "म्हणूनच तर तिला घट्ट धरतो."

भीती खरंच गेलेली नाही. खिंड उतरताना तो अजून पुटपुटत प्रार्थना म्हणतो. रस्त्याकडेचे क्रूस कुठे आहेत हे त्याला ठाऊक आहे. ते येतात तेव्हा तो क्षणभर हेल्मेटला हात लावतो, आणि एर्लिंडा तेवढ्यापुरती गाडी हळू करते.

तो तिच्याबरोबर कामालाही जातो. सुरुवातीला नुसताच जायचा, बाहेर ओट्यावर बसायचा. मग म्हाताऱ्यांनी त्याला आत बोलावलं. वर्षानुवर्षं घरात पडून असलेल्या माणसांना केसांपेक्षा बोलण्याची भूक जास्त. सिप्रियानोला खोऱ्यातला प्रत्येक रस्ता आणि प्रत्येक भांडण माहीत. तो सांगायचा, ते ऐकायचे. गप्प माणूस म्हणून जन्म काढलेल्या सिप्रियानोला लोक आता म्हणतात, "अरे, जरा एर्लिंडाला बोलू दे!" आणि हळूहळू त्याने आपलं एक कामही ठरवून घेतलं. केस कापून झाले की आरसा धरायचा.

परवाच ती दोघं फेर्मिन वाल्देस या म्हाताऱ्याकडे गेली होती. फेर्मिन आता पलंगावरून उठत नाही. मुलीने त्याला दोन उशांवर टेकवून बसवलं होतं. एर्लिंडाने त्याचे पांढरे केस कापले, मानेवरची लव साफ केली, भुवया सारख्या केल्या. मग कात्री पुसून पिशवीत ठेवली आणि म्हणाली, "सिप्रियानो, आरसा."

सिप्रियानोने आरसा घेतला, पलंगापाशी गेला, दोन्ही हातांनी नीट उचलून धरला. जरा जास्तच वर. फेर्मिनला त्यात छताची तुळई दिसत होती, आणि तिच्यावर बसलेली एक माशी.

एर्लिंडाने फेर्मिनकडे बघितलं. फेर्मिनने तुळईकडे बघितलं, मग सिप्रियानोच्या चेहऱ्याकडे, जो त्याच्या कानापलीकडे कुठेतरी वळलेला होता आणि वाट बघत होता.

"कसं काय झालंय, फेर्मिन?" सिप्रियानोने विचारलं.

म्हाताऱ्याने हनुवटी उचलली, मान डावीकडे केली, उजवीकडे केली, अगदी वेळ घेऊन.

"सुरेख," तो म्हणाला. "अजून जरा धर. बघू दे मला."

आणि सिप्रियानो धरून उभा राहिला.